अकरा महिन्यांचा कागद

आमच्या राजारामपुरीतल्या घरात जिन्याखाली एक खोली होती. जिना जसजसा खाली उतरे तसतसं तिचं छतही खाली येई आणि आतल्या टोकाला मोठ्या माणसाला बसूनच वावरावं लागे. आधी तिथे पप्पांच्या दुकानातले शेतीपंपांचे जुने भाग पडलेले असत. मी सहा वर्षांची होते तेव्हा ते सामान गच्चीवर गेलं आणि त्या खोलीत मावशी राहायला आली.

ती पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका लहान गावची. नवऱ्याने दुसरी बायको आणली, भावांनी दारात उभं करून घेतलं नाही, मग कुणाच्या तरी ओळखीने ती आमच्याकडे आली. बरोबर एक निळी पत्र्याची ट्रंक आणि एक वाकळ. सकाळचं पाणी भरण्यापासून रात्रीची भांडी पालथी घालेपर्यंत घरातलं सगळं तिच्याकडे. आठवड्यातला एकही वार तिचा नव्हता. मम्मी मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरातलीच झालीय आता ती." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते खरं आहे का, असा प्रश्नच मला पडला नाही.

मी कमी बोलणारी मुलगी होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे डॉक्टरांच्या नि कारखानदारांच्या मुली फडाफड इंग्रजी बोलत, म्हणून मी गप्प असे. घरी सगळे एकदम आणि मोठ्याने बोलत, म्हणून तिथेही गप्पच. मावशीला माझ्या गप्प असण्याची अडचण नव्हती. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोले, आणि ती बोले नि मी ऐके. "ह्या पोरीच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे विहिरीतनं घागर वडल्यासारखं हाय," असं म्हणत ती माझ्या वेण्या घाली, आणि घट्ट घाली.

आमच्या घरात एक भीती होती. अज्जांची, म्हणजे पप्पांच्या वडिलांची, सीमेकडच्या गावात बरीच जमीन होती. आम्ही दुकानदार माणसं, जमीन कसायला दुसरे. कुळांचा कायदा आला आणि कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्याला लागली. अज्जा वारले तरी ती गोष्ट घरात वारली नाही. दर सणाला जेवताना निघायचीच. पप्पांनी तिच्यातून एक नियम काढला होता: कुणालाही एका जागी सलग राहू दिलं की त्याचं नाव लागतं. आमच्या कंपाउंडला टेकून एक इस्त्रीवाला टेबल लावत असे. पप्पा त्याला महिन्यातून एकदा ते टेबल उचलून पलीकडे न्यायला लावत आणि दुसऱ्या दिवशी परत आणू देत. इस्त्रीवाला हसत असे, "सायब, टेबलाला हवापालट, व्हय?" पप्पा हसत नसत.

मावशीला आमच्याकडे तीन-चार वर्षं झाली तेव्हा दुकानात येणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांनी पप्पांना सल्ला दिला. भाडेकरूंचा करार जसा अकरा महिन्यांचा करतात, तसंच बाईचंही करा. अकरा महिने झाले की खोली रिकामी करून घ्या, आठ दिवस कुलूप लावा, तसा कागद करून ठेवा, मग परत येऊ द्या. पप्पांना हे एकदम पटलं. मोलकरणीला असा काही हक्क मिळतच नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. वकिलांना ते तेव्हाही माहीत असणार. पण त्यांनी टेबल हलवायला लावणारा माणूस बरोबर ओळखला होता.

तर दर अकरा महिन्यांनी मावशी ट्रंक घेऊन बाहेर पडायची. पप्पा दुकानातलं नवं कुलूप आणून खोलीला लावायचे. मम्मी याला 'मावशीची सुट्टी' म्हणायची आणि मीही तसंच समजत होते. एका उन्हाळ्यात मी तिला सांगितलं, गावाहून करवंदं आण. तिने आणली, पानाच्या द्रोणात. मी खाल्ली.

कागद आधी पप्पा कोर्टाच्या आवारातून टाइप करून आणत. मी सातवीत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात इंग्रजी शिकणारी, वळणदार अक्षराची मुलगी आहे. कागद इंग्रजीतच हवा होता, पप्पांच्या मते मराठी कागदाला कुणी भीत नाही. मी जुन्या कागदावरून नवा उतरवायचे. मग मावशी हात पुसत यायची, पप्पा म्हणायचे, "तिला वाचून दाखव," आणि मी मराठीत सांगायचे, "यात लिहिलंय की तू आज खोली रिकामी करून दिलीस."

कागदात आणखी तीन ओळी असत. की या घरावर, खोलीवर किंवा घराच्या कुठल्याही भागावर तिचा कसलाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. की तिला केवळ कामासाठी आणि मालकांच्या दयेवर राहू दिलं होतं. त्या ओळी मी सांगत नसे. त्या सांगू नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी लाजाळू होते, मोठ्या माणसाला असलं काही तोंडावर सांगायची मला लाज वाटे, एवढंच त्या वयातलं कारण. पण न सांगितल्यामुळे आमचंच काम सोपं होत होतं, आणि हेही मला समजत होतं. मावशी दुकानातल्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उमटवायची आणि उरलेली शाई केसांना पुसायची.

मी नववीत असताना वर्गातल्या एका मुलीची आजी सरकारी दवाखान्यात होती. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. तिथल्या लांब व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक पथारी टाकून बसलेले असतात. त्या ओळीत मला निळी ट्रंक दिसली, आणि ट्रंकेला टेकून भाकरी खात बसलेली मावशी. त्या आठवड्यात ती सुट्टीवर होती.

मैत्रीण पुढे गेली. मी थांबले.

"तू इथं? कोण आजारी आहे?"

मावशी आधी दचकली, मग हसली. "कोन न्हाय. हितं कोन इचारत न्हाय म्हनून. कुनी इचारलंच तर सांगतो, आत सून बाळंत झाल्या."

शेजारची बाई म्हणाली, "आमाला तर काल म्हनलीस, दीर हाय."

"दीर कालच घरी गेला की," मावशी म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

मी विचारलं, "गावाला का नाही जात?"

"गावात माजं काय हाय? आठ दिसांचा तर सवाल. तू जा. वैनींना सांगू नगंस, उगं जिवाला लावून घेतील." वैनी म्हणजे माझी मम्मी.

करवंदं कुठून आणली होती, ते मी विचारलं नाही. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या मी येतानाच पाहिल्या होत्या. घरी मी काही सांगितलं नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला बजावलं. दहावीची परीक्षा झाल्यावर पप्पांनी कोरा कागद पुढे केला तेव्हा मी नेहमीसारखा तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा महापालिकेकडून बेघरांसाठी घरकुलाचे अर्ज निघाले. भाजीवालीकडून मावशीला ते कळलं. एकटी बाईमाणूसही अर्ज करू शकत होती. अट अशी की कुठेही स्वतःचं घर नसावं आणि दहा वर्षं शहरात राहत असल्याचा पुरावा हवा. मावशीकडे रेशनकार्ड नव्हतं. आमच्या कार्डावर तिचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता आणि वेगळं काढायला पत्ता लागतो. मतदार यादीतही ती नव्हती. यादीवाले येत तेव्हा पप्पा फक्त घरच्यांची नावं सांगत.

तिने पप्पांना विचारलं. मी तिथेच पेपर वाचत होते. ती इतकी वर्षं आमच्याकडे होती, पण स्वतःसाठी काही मागताना मी तिला पहिल्यांदा बघत होते. "सायब, एवढं लिवून द्या की, मी हितं ऱ्हातो म्हनून. खोली मिळाली तरी काम सोडनार न्हाय मी. सकाळी येतो, रातीला जातो. निजून उठतो तवा डोस्कं लागतंय वर, म्हातारपनात कसं व्हनार माजं?"

पप्पा शांतपणे म्हणाले, "असलं काही लिहून द्यायचं नसतं, मावशी. तुला काय कमी आहे इथं?"

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर होते. कपडे वाळत घालता घालता तिने मला विचारलं, "मी ज्यावर आंगटा देतो, ते कागद असत्यात न्हवं घरात? त्यात हितला पत्ता हाय न्हवं?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी लिहीत होते, आणि हे तिला सुचलं. आमच्याच कागदांवर तिचं नाव होतं, आमचा पत्ता होता, सालं होती. ती इथे राहत होती याचा पुरावा आम्ही दर अकरा महिन्यांनी स्वतःच्या हाताने तयार करून कपाटात ठेवला होता. मला खूप आनंद झाला. पप्पा दुकानात गेल्यावर मी फाइल काढली. दहा कागद निघाले, खालचे टाइप केलेले, वरचे माझ्या अक्षरातले. गल्लीच्या टोकाला जाऊन मी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि फाइल होती तशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मम्मी भिशीला गेली तशा आम्ही दोघी रिक्षाने वॉर्ड ऑफिसात गेलो. मावशीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. रिक्षात ती म्हणाली, "खोली मिळाली की पैली तुला जेवायला बोलावतो. पाटावर बसवतो बग, पावनी म्हनून."

खिडकीमागचा कारकून पन्नाशीचा होता. त्याने कागद पाहिले, चष्मा वर केला. "इंग्रजी? कुणी लिवलं हे?"

मावशी अभिमानाने म्हणाली, "हिनंच. कानव्हेंटात शिकलीया."

त्याने पहिला कागद वाचला आणि मराठीत मोठ्याने सांगू लागला. रांगेतल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या खिडकीत सगळं मोठ्यानेच बोललं जात होतं. "मी आज रोजी खोली रिकामी करून दिली. बरं. सदर घरावर अगर घराच्या कुठल्याही भागावर माझा कसलाही हक्क न्हाई, पुढंही सांगनार न्हाई. मला केवळ मालकांच्या दयेवर राहू दिलं हुतं. ह्याच्यावर आंगठा तुमचाच का, बाई?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की माणूस दुसऱ्याकडे बघतो, तसं. मग ती म्हणाली, "व्हय. माजाच."

त्याने उरलेले कागद चाळले. "हे बगा. ह्या कागदांवरनं तुम्ही धा येळा घर सोडलंय. आलाय कवा ते कुटंच न्हाई. धा येळा गेलेल्या बाईला मी ऱ्हानारी कसं म्हनू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "एस्टीच हाय म्हना की!" रांग हसली. मावशीही थोडं हसली, लोकांबरोबर हसावं तसं.

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली केला. "सोपं काम हाय. घरच्या कुणीतरी एक कागद द्यायचा, की ही बाई अमक्या सालापासून आमच्याकडं सलग राहते. संपला विषय. तुम्ही कोण, ताई? त्याच घरातल्या?"

"हो."

"अठरा पूर्ण?"

"वीस."

"मग तुम्ही चालताय की." त्याने एक कोरा कागद खिडकीतून माझ्यासमोर सरकवला आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. "द्या लिवून. मराठीत लिवा म्हंजे झालं."

दोन ओळींचा मजकूर होता. लिहिणं हेच घरातलं माझं काम होतं. मी पेन उचललं. पप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, अज्जांची जमीन आली, सणाला जेवणाच्या ताटावर बसून 'आपल्याच पोरीनं लिहून दिलं' असं म्हणतील ते काका आले. मावशीचं काय होईल, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला असं मी आज म्हणू शकले असते. तो आला नाही. मला काय म्हणतील, एवढाच आला.

मी पेन खाली ठेवलं. "मी पप्पांना विचारून येते."

"या की. शुक्रवारपर्यंत घेतोय आम्ही अर्ज," कारकून म्हणाला आणि त्याने कागद आत ओढून घेतला.

परत येताना रिक्षात मावशी एकदाच बोलली. "वैनी आल्या असतील. च्या ऱ्हायला."

मी पप्पांना विचारलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी मावशीने पुन्हा ते हिरवं लुगडं नेसलं होतं. पोळ्या करून ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली. मी सॅक उचलली आणि मागच्या दाराने कॉलेजला गेले. त्या दिवशी माझी दोनच लेक्चर्स होती. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी लायब्ररीत बसून राहिले. घरी आले तेव्हा ती रोजच्या साडीत होती. तिने मला ताट वाढलं, वरून तूप वाढलं, नेहमीइतकंच.

त्यानंतर ती चार वर्षं आमच्याकडे राहिली. तिच्या बोलण्यात काही फरक पडला नाही. मला नोकरी लागली तेव्हा तिने माझी दृष्ट काढली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्या खिडकीपाशी नेमकं काय झालं ते तिला कळलं नव्हतं. कुठल्यातरी कागदावाचून काम अडलं, ऑफिसात अडतं तसं, असंच तिला वाटत असणार. या समजुतीवर मी चार वर्षं तिच्या हातचं जेवले.

मग घर बिल्डरला दिलं. आम्हाला दोन फ्लॅट मिळणार होते. त्यात जिन्याखाली खोली नव्हती. मम्मी खरोखर रडली, दोन साड्या दिल्या, म्हणाली, "येत जा गं." त्या वर्षी कागद करावा लागला नाही. मावशी ट्रंक घेऊन गडमुडशिंगीला भाचीकडे गेली.

मी पुढच्या उन्हाळ्यात गेले तिच्याकडे, एका रविवारी. भाचीचं घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. पडवीत एका बाजूला भाचीच्या नवऱ्याची मोटरसायकल, दुसऱ्या बाजूला मावशीची ट्रंक आणि वाकळ. ती तांदूळ निवडत बसली होती. भाची कारखान्यात कामाला जाते, तिची दोन पोरं मावशीच सांभाळते, असं ती सांगत होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी पाठ केल्यासारखं एका दमात बोलले.

"मावशी, त्या दिवशी ऑफिसात मी लिहून दिलं असतं तर तुझं काम झालं असतं."

तिने वर पाहिलं नाही. "म्हाईत हाय की."

"तुला कळलं होतं?"

"तो सायब मराठीतच बोलत हुता न्हवं? आन मी तितंच हुतो."

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मग बोलली का नाहीस कधी? चार वर्षं."

"काय बोलू? तुज्यावर चिडलो असतो तर निजायला कुटं गेलो असतो?" हे ती सहज म्हणाली, खडा टाकला तितक्या सहज. मग माझ्याकडे बघून थोडी हसलीही. "तवा तुमच्या जिन्याखाली हुतो. आता हितं हाय. हितं बी कुनावर चिडत न्हाय मी."

आतून जावयाची हाक आली. "ओ मावशे, पावनी आल्या नव्हं? च्या टाका की. मला बी घ्या अर्धा."

मावशीने सूप बाजूला ठेवलं, मोटरसायकलच्या सीटला धरून उठली आणि आत गेली. मला चहा नको होता. पण नको म्हणायला मी तोंड उघडलं नाही.